एक सूतही हलणार नाही

सर कुठेही गेले की आधी भिंतीला पाठ लावायचे. यजमान या, बसा म्हणत असायचे, घरातून कोणी पाण्याचा तांब्या घेऊन उभं असायचं, आणि सर मात्र दाराजवळच्या भिंतीला खांद्यापासून कमरेपर्यंत टेकून, डोळे मिटून, ओठ आवळून उभे. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणायचे, "चांगली आहे." किंवा नुसतंच "हं." त्या "हं"ने घरमालकाची झोप उडायची. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलात, एकदा तर मौतीला गेले होते तिथेही त्यांनी हे केलं. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या पाठीवर चुन्याचा पांढुरका पट्टा असे. तो घासून काढायला गेलं की ते घरात चिडत, असं त्यांच्या मिसेसनीच मला सांगितलं होतं.

"भिंत बोलते," ते म्हणायचे. "आयकणारा पाह्यजे."

मी त्यांच्याकडे काही वर्षं काम केलं आणि आता स्वतःही तेच काम करते, म्हणून सांगते, भिंत काही बोलत नाही. तिला तडा जातो, ती फुगते, ती झुकते, आणि ते बघायला डोळे उघडे ठेवावे लागतात. सर नेमके मिटून घ्यायचे.

आर्णीला एका कंत्राटदाराच्या मुलीचं लग्न होतं. हॉलला आदल्या संध्याकाळी हिरवा ऑइलपेंट मारलेला. सरांनी सवयीप्रमाणे पाठ लावली आणि ती चिकटली. दुसरा कोणी असता तर चटकन बाजूला झाला असता. सर मंगलाष्टकं संपेपर्यंत तसेच डोळे मिटून उभे राहिले, कारण हललो तर लोकांना कळेल. अक्षता टाकल्या त्याही तिथूनच, भिंतीला चिकटून. मग चर्रर्र आवाज करत पाठ सोडवली. भिंतीवर माणसाएवढा डाग आणि सरांच्या पाठीवर हिरवा रंग. कंत्राटदार धावत आला. सर म्हणाले, "रंग कच्चा आहे. भिंत पक्की आहे." आणि कंत्राटदाराने हात जोडले! मला हसू यायच्या ऐवजी त्या दिवशी रागच आला होता, सरांचा नाही, हात जोडणाऱ्याचा.

सरांनी आयुष्यभर कुठल्याशा कॉलेजात शिकवलं होतं आणि रिटायर झाल्यावर यवतमाळात ऑफिस थाटलं होतं, एका कृषी केंद्राच्या माडीवर. खाली फवारणीची औषधं, वर आम्ही. त्या औषधांचा उग्र वास दिवसभर जिन्यातून वर येई. सर म्हणायचे, याच्यानं डोकं साफ राहते. मी इंजिनिअरिंग करून घरी बसले होते, बाबांना मला पुण्याला पाठवायचं नव्हतं, म्हणून मी तो वास घेत बसले.

काम होतं रिटेनिंग वॉलचं, म्हणजे मातीला अडवून धरणाऱ्या भिंतीचं. रस्त्यासाठी टेकडी कापली, शाळेसाठी उतार सपाट केला, की मागची माती खाली येऊ नये म्हणून अशी भिंत घालतात. "लोकाइची भिंत छत धरते. मही भिंत डोंगर धरते," हे सरांचं आवडतं वाक्य. ते म्हणताना ते छाती पुढे काढत, जणू डोंगर त्यांच्याच खांद्यावर ठेवलेला आहे.

टेबलावर सोनपापडीचा एक रिकामा डबा असे. त्यात अर्ध्यात वाळू, आणि वाळूला अडवायला मधोमध उभी केलेली लाकडी पट्टी. गिऱ्हाईक आलं की सर गुडघ्याने टेबल हादरवायचे. वाळू थरथरायची, चहा बशीत सांडायचा, पट्टी मात्र जागच्या जागी. "पाह्यलं? हा भूकंप. अन् हे मही भिंत. एक सूत तरी हालली का?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्याकडचे मिस्त्री अजून त्यातच बोलतात. गिऱ्हाईक पट्टीकडे बघून थक्क व्हायचं. मी सरांच्या डाव्या अंगठ्याकडे बघायची. तो डब्याच्या कडेला, पट्टीला मागून टेकू देत गुपचूप बसलेला असायचा.

एकदा एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चहा असताना सरांनी सवयीने गुडघा मारला. पट्टी आडवी झाली आणि वाळू गिऱ्हाइकाच्या मांडीवर. सर क्षणभरही गडबडले नाहीत. "हे झाली दुसऱ्या इंजिनिअरची भिंत," ते म्हणाले. गिऱ्हाईक खदखदून हसलं आणि काम देऊन गेलं.

"चुकलं" हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्याच्या जागी त्यांच्याकडे दुसरं वाक्य होतं, "मी म्हणतच होतो." पाऊस आला, मी म्हणतच होतो. नाही आला, तरी मी म्हणतच होतो. आणि भूकंपाच्या बाबतीत तर त्यांनी कमालच केली.

मी नवी होते तेव्हा एका कामात भूकंपाचा हिशेब धरावा का, असं मी त्यांना विचारलं होतं. नकाशात आपला जिल्हा फिक्या रंगाचा, म्हणजे कमी धोक्याचा, असला तरी शेजारून अधूनमधून हादरे येतात. सर माझ्यावर ओरडले, "यवतमाळात भूकंप? इथं आधी समुद्र येईन, मंग भूकंप. खाली सारा कातळ आहे, पोरी. कायले डोकं लावून राह्यली?" त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी मांडणीतले स्टीलचे पेले किणकिणले, पंखा झोके घेऊ लागला आणि आमची सगळी गल्ली मोबाइल घेऊन रस्त्यावर आली. मी चप्पल शोधत होते तेवढ्यात सरांचा फोन. "हाललं न? मी म्हणतच होतो." दुपारपर्यंत ऑफिसच्या पाटीवर "भूकंपरोधक भिंतींचे तज्ज्ञ" असं रंगवून झालं होतं. रंगवणारा खाली उतरला तेव्हा सर त्या पाटीच्या भिंतीला पाठ लावून उभे होते.

आता हा भूकंपाचा हिशेब काय असतो ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जमीन हादरली की मागची माती भिंतीला एरवीपेक्षा जास्त जोराने ढकलते. मागे पाणी साठलेलं असेल तर तेही ढकलतं. भिंतीला किंचित पुढे सरकायची मुभा ठेवली तर हा जोर कमी होतो. ती हटून बसली तर सगळा जोर अंगावर घ्यावा लागतो. म्हणून चांगली भिंत जरा लवचिक ठेवतात, आणि मागून पाण्याला वाट देतात. हे कुठल्याही पुस्तकात आहे आणि सरांनी ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं असणार. पण स्वतःची भिंत हलेल हे त्यांना सहन व्हायचं नाही. त्यांची भिंत म्हणजे नुसती जाडी आणि सळया. स्वभावच तो. घरच्या जेवणात मीठ कमी आहे हे ज्याला मान्य करता येत नाही, तो भिंत सरकेल हे कसं मान्य करणार?

महागावच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी एक तांडा आहे. तिथल्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरत. आता सगळे कापूस-सोयाबीन-तूरवाले. तांड्याची शाळा टेकडी कापून बांधलेली आणि शाळेच्या मागे कापलेली टेकडी उघडीच होती. तिथे भिंत घालायचं काम सरांकडे आलं. मी आराखडा काढला. भिंतीत पाणी जायला पाइप दाखवले आणि मागे मुरूम-दगड भरा असं मोठ्या अक्षरांत लिहिलं.

भरली काय, तर काळी माती. खाली नाल्याशेजारी शेततळं खोदणं चालू होतं, त्या मातीचे ढीग पडले होते आणि ते कुठेतरी टाकायचेच होते. आता यवतमाळ जिल्ह्यात काळी माती काय चीज आहे हे कोणाला सांगायला नको. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगून येते. साधी खोली बांधायची तरी माणूस मुरूम लागेपर्यंत खणतो. काळ्या मातीवर पाया ठेवणाऱ्याला गावात वेड्यात काढतात. पण त्याच गावाने, त्याच लोकांनी, ती माती भिंतीच्या पाठीमागे कोंबली. पायाखाली नको, पाठीमागे चालते, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आणि ज्याने त्यांना अडवायचं तो तज्ज्ञ म्हणाला, "माती ते माती. भिंत कोणाची आहे ते पाहा न."

उद्घाटनाच्या आधी भिंत पांढरी रंगवली. तिच्यावर मोठा मोर काढला, मोराखाली "मुलगी शिकवा", आणि त्याच्याखाली सरांचं नाव, डिग्र्यांसकट. आदल्या रात्री पाऊस झाला आणि सकाळी पाइपांतून तपकिरी ओघळ निघून मोराच्या पिसाऱ्यावरून खाली आले. सरांनी ते पाहिलं. "बुजवा ते भोकं," ते मिस्त्रीला म्हणाले. "मोराले जुलाब लागल्यासारखं दिसून राह्यलं."

मी म्हटलं, "सर, मग पाणी कुठून जाईल?"

"पाण्याले रस्ता माहीत असते. तू नको सांगू त्याले."

मिस्त्रीने सिमेंट कालवून सगळी भोकं बंद केली. पाहुणे आले, नारळ फुटला, सरांनी मोराशेजारी पाठ लावून फोटो काढून घेतला.

शाळेच्या मागच्या बाजूला, भिंतीला लागूनच, पोरांच्या खिचडीसाठी टिनाचं शेड होतं. तिथे देवकीबाई खिचडी शिजवायच्या. उंच, काळ्या, बोलायला कोणाच्या बापाला न भिणाऱ्या. त्यांची स्वतःची मुलगी दुसरीत होती आणि दुसरीची खोली भिंतीच्या बाजूची होती. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी पुन्हा एक बारका हादरा बसला. तांड्यातल्या गोवऱ्यांची चळतसुद्धा पडली नाही इतका बारका, पण देवकीबाईंनी चुलीवरचं पातेलं सोडून पोरांना बाहेर पळवलं आणि दुसऱ्या दिवशी तांड्याने पोरं पाठवली नाहीत. हेडमास्तरांनी सरांना फोन केला.

सर खुशीतच गेले. मी सोबत. श्रावणाची झड लागलेली, चिखलात चपला रुतत होत्या. सर भिंतीपाशी गेले, पाठ लावली, डोळे मिटले. मी भिंतीकडे बघत होते. मोराच्या मानेवरून एक बारीक तडा गेला होता आणि भिंतीचा वरचा भाग पोट सुटल्यासारखा पुढे आला होता. मी तांड्यातून पहार आणवून एक बुजवलेलं भोक फोडून पाहिलं. पाणी आलं नाही. काळ्या चिखलाची जीभ तेवढी बाहेर आली.

"सर, आत सगळं फुगलंय," मी हळूच म्हटलं. "मुलांना इथून हलवायला सांगा."

"भूकंप झाला का नाही? भिंत उभी आहे का नाही? अजून कोणता पुरावा पाह्यजे तुले?" मग तांड्याकडे वळून मोठ्याने, "पास झाली! बिनघोर पाठवा पोरं. एक सूत हालणार नाही."

हेडमास्तर भला माणूस, पण स्वतःच्या हिमतीवर शाळेची घंटाही न वाजवणारा. तज्ज्ञ म्हणतात सुरक्षित आहे, तर तो वर्ग कसे हलवणार? माझं म्हणणं त्याने ऐकलं आणि सरांकडे बघितलं. सरांनी नकाराची मान हलवली, त्यानेही हलवली. मी त्या शाळेतल्या पोरांकडे बघत होते आणि मला सरांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

तेव्हा देवकीबाई पुढे झाल्या. "सर, मही पोरगी त्या खोलीत बसते. तुमाले एवढा भरोसा आहे न भिंतीचा, मंग तुम्हीच बसा न इथं. तुम्ही बसले तं आमी पोरं पाठवतो."

"बसतो!" सर गरजले. "झड उघडेपर्यंत बसतो. आणा खुर्ची!"

देवकीबाईंनी घरून लाल प्लास्टिकची खुर्ची आणली. सरांनी ती शेडमध्ये, थेट भिंतीला टेकवून ठेवली आणि बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पोरं आली.

झड काही उघडेना. सर हेडमास्तरांकडे मुक्कामाला राहिले, आणि मी रोज यवतमाळहून एसटीने जाऊन त्यांना ऑफिसचे कागद सहीला द्यायची. अशीच कागद घेऊन गेले तेव्हा एका सकाळी मला वाटलं, खुर्ची भिंतीपासून सुटली आहे. वीतभर. पुढच्या दिवशी ती चुलीच्या पलीकडे होती.

"धूर लागते," सर मी न विचारता म्हणाले.

पण धूर तर तिथेच जास्त होता. मग खुर्ची शेडच्या पुढच्या खांबाशी आली, कारण मागे टिन गळतं. मग शेडच्या बाहेर, शाळेच्या बाजूच्या वळचणीला, कारण शेडमध्ये मोबाइलला रेंज नाही. तोंडाने मात्र सर तेच म्हणत होते, एक सूत हालत नाही. भिंतीबद्दल ते खोटं होतं. खुर्चीबद्दल तर धडधडीत खोटं होतं, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मी एकदा चिडून म्हटलं, "सर, स्वतः सरकताय, मग मुलांनाही सरकवा म्हणून सांगा ना. एक शब्द लागतो."

ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. "काहून सांगू? लोक म्हणतीन, मंग आधी काहून पास केली?"

बस. एवढंच होतं त्यांच्या मनात. दुसरीची पोरं खिडकीतून दिसत होती, पाढे म्हणत होती, आणि या माणसाला लोक काय म्हणतील हे पडलं होतं.

मी तशीच देवकीबाईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. काही सांगायची गरजच नव्हती. "पाह्यलं म्या," त्या म्हणाल्या. "सर सरकले का मी सरकते. चूल तं कालच हालवली." खरंच, चूल शेडच्या बाहेर, वळचणीखाली आली होती. "हेडमास्तरले मी सांगते. तुमचं-मह्यं नाही आयकणार तो, पण खुर्ची तं दिसते न त्याले."

त्या दिवसापासून तांड्यात नियमच झाला. सरांच्या खुर्चीच्या मागे, भिंतीच्या बाजूला, कोणी बसायचं नाही. खुर्ची वळचणीला होती, म्हणून दुसरीची पोरं पुढच्या व्हरांड्यात आली. खुर्ची पुढच्या व्हरांड्यात आली, तशी सगळी शाळा पटांगणापलीकडच्या देवळात गेली. हेडमास्तरांनी कोणताही निर्णय घेतला नाही. ते फक्त खुर्चीच्या मागे राहायचे नाहीत. सर एकदा पाणी प्यायला उठले तेव्हा दोन पोरींनी लगेच दप्तरं उचलली. सरांना यातलं काही कळत होतं का? कळत असणार. पण पोरं देवळात का गेली हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

शेवटी खुर्ची जिथून आली होती तिथेच पोचली, देवकीबाईंच्या ओसरीत. सर तिथे बसून ज्वारीची भाकरी आणि बेसन खात होते. मी कागद घेऊन उभी होते. देवळात पोरांची पंगत बसली होती. आधी टिन वाकल्याचा आवाज आला, मग एक जडशीळ, ओला आवाज, आणि पायाखालची ओसरी हलली. मागची काळी माती भिंतीसकट शेडवरून दुसरीच्या खोलीत शिरली होती. मोराचे तीन तुकडे झाले होते. पिसाऱ्याचा तुकडा उलटा होऊन चिखलात पडला होता, "शिकवा" लिहिलेला तुकडा वर आणि "मुलगी" त्याच्याखाली दबलेली.

देवकीबाई देवळाकडे धावल्या, आपल्या पोरीला कमरेला घट्ट धरून तिथेच बसल्या आणि मोठमोठ्याने रडल्या. मीही रडले. मेलं कोणी नव्हतं, तरी रडले.

सर उठले. हात धुतले. हेडमास्तर समोर आले तेव्हा सर त्यांना म्हणाले, "मी म्हणतच होतो."

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की कोणाला त्यांना खोटं पाडता येईना. पोरं वाचली होती, आणि वाचली होती ती सरांच्या खुर्चीमुळेच. पेपरात आलं, धोका ओळखून ज्येष्ठ तज्ज्ञ दिवसरात्र शाळेत बसून राहिले, विद्यार्थ्यांना टप्प्याटप्प्याने सुरक्षित हलवलं. टप्प्याटप्प्याने! सरांचे सत्कार झाले. शाली, श्रीफळं, भाषणं. भिंत पडली ती काळ्या मातीने आणि कोंडलेल्या पाण्याने, हे कुठल्याच भाषणात आलं नाही. भूकंप मात्र प्रत्येक भाषणात होता, आणि दर भाषणागणिक मोठा होत होता. तांड्यात त्या सत्कारांचे फोटो मोबाइलवर फिरले. देवकीबाई म्हणाल्या, "बाप्पा! भेव लागलं म्हणून शाल देतेत काय कोणाले?"

नवी भिंत बांधायचं काम अर्थातच सरांकडे आलं. ज्याने भिंत पडणार हे आधीच ओळखलं त्याला नाही देणार तर कोणाला? सत्कारांतून त्यांना वेळ नव्हता, म्हणून ती मी केली. पाया काळी माती ओलांडून घट्ट मुरमावर नेला. मागे दगड आणि मुरूम भरून घेतला, तोही तिथे उभं राहून, एकेका ट्रॅक्टरचा. पाण्याला वाट ठेवली आणि पाइपांच्या तोंडाला कोणी सिमेंट लावलं तर याद राखा, असं मिस्त्रीला बजावलं. भिंतीला आत झुकता उतार दिला, आणि हादरा आला तर ती किंचित सरकेल, पण पडणार नाही, असा हिशेब धरला. सरांनी सही करताना विचारलं, "सरकेन म्हणते? कमजोर झाली मंग." मी म्हटलं, हो, कमजोर आहे, सही करा.

पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला, उद्घाटनाच्या दिवशी, सर नवा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. नारळ फुटला. हेडमास्तर म्हणाले, आता सोमवारपासून वर्ग दुरुस्त केलेल्या खोल्यांत भरवू. मग देवकीबाई आल्या, तीच लाल खुर्ची घेऊन. ती त्यांनी नव्या भिंतीला टेकवून ठेवली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, "बसा सर."

सगळे बघत होते. पोरंही. सरांनी खुर्चीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि मला स्पष्ट दिसलं की ते मनात पाइपांतून गळणारं पाणी मोजताहेत. ही भिंत कशी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. सही त्यांची होती, पण आराखडा त्यांनी वाचलाच नव्हता.

"पाठ धरली आहे जरा," ते म्हणाले. "उभाच बरा."

देवकीबाईंनी पोरीचा हात धरला आणि त्या वळल्या. त्यांच्यामागे बाकीच्या बायाही. मला दिसत होतं, ही पोरं आता या खोल्यांत कधीच येणार नाहीत, भिंत कितीही चांगली असो. देवळातच शिकतील, नाहीतर शिकणार नाहीत.

"थांबा ताई," मी म्हटलं आणि जाऊन बसले.

खुर्चीत बसल्यावर पाठीला सिमेंटचा गारवा लागला आणि त्याच्यामागे सगळी टेकडी आहे हे पाठीला कळलं. मला सगळे आकडे पाठ होते. तरी मनात आलं, खुर्ची जराशी पुढे घ्यावी, वीतभर, कोणाला कळणार नाही. तेव्हा मला सरांची भीती समजली. आणि ती समजल्यावर त्यांचा आणखीच राग आला, कारण हीच भीती पाठीत घेऊन या माणसाने पोरांना "बिनघोर" म्हटलं होतं.

मी खुर्ची हलवली नाही. देवकीबाई परत माझ्यापाशी आल्या. मग म्हणाल्या, "पाह्य बरं, तू रोज तं नाही बसणार न इथं?"

"पावसाळाभर येते," मी म्हटलं. "कधीही या अन् पाहा, खुर्ची कुठं आहे ते."

आणि पावसाळाभर मी दर आठवड्याला गेले. पोरं सोमवारीच खोल्यांत आली होती.

उद्घाटनाचा फोटो पेपरात आला. सर पुढे उभे आहेत, हातात फुटलेला नारळ, मागे भिंत. त्यांच्या आडून लाल खुर्चीचे दोन पाय आणि माझी एक चप्पल दिसते. खाली छापलंय, भिंतीची खात्री देताना ज्येष्ठ तज्ज्ञ.

त्या दिवशी निघताना सर माझ्या पुढे चालत गाडीकडे गेले, तेव्हा मी त्यांच्या पाठीकडे बघितलं. शर्टावर चुन्याचा एक ठिपकासुद्धा नव्हता.